कुणाचा चहा, कुणाचा पेला

 

मागं एकदा एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले. ज्यांच्या घरी बैठक होती त्या आक्कांचा मुलगा पुण्याला कामाला आहे. त्यानं सुट्टीला येताना आईसाठी हिरव्या चहाचा डबा आणला होता. आक्कांनी कौतुकानं तो डबा काढला. नेहमीच्या सवयीनं पातेल्यात पाणी ठेवलं, मूठभर पत्ती आणि साखर टाकली, खळखळ उकळलं आणि वरून दूध ओतलं. पहिला घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. एक मावशी म्हणाल्या, "बाई, हे तर कडूजहर लागायलंय. लेकरानं चहा धाडलाय का औषध?"

सगळ्या हसलो. आक्का बिचाऱ्या ओशाळल्या. पण घरी जाताना माझ्या मनात एक प्रश्न राहिला. आपण म्हणतो, "चहा असाच असतो." पण चहा असाच असतो, हे आपल्याला शिकवलं कुणी? आज त्याचीच गोष्ट सांगते. शेवटी आक्कांच्या त्या डब्याचं काय झालं, तेही सांगते.

माझी आज्जी औसा तालुक्यातली. तिच्या लहानपणी नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो, तेव्हा आज्जी दहाएक वर्षांची होती. ती सांगायची, "आमच्या घरी पाव्हणा आला की गूळ-पाणी द्यायचे. सकाळी ज्वारीची आंबील नाहीतर ताक. चहा म्हणजे बाप्या माणसांनी बाजाराला गेल्यावर प्यायची चीज." तिचे वडील लातूरच्या अडतीवर गाडी घेऊन जायचे. तिथं हॉटेलात चहा मिळायचा. बार्शी लाइटची छोटी रेल्वे 1911 साली लातूरला पोचली होती. इकडं नांदेडला मनमाड-हैदराबाद रेल्वे त्याच्याही दहाएक वर्षं आधी आली होती. आपल्या देशात रेल्वे गेली तिथं फलाटावर चहा गेला, फलाटावरून बाजारात आणि बाजारातून हळूहळू गावात. आज्जीच्या घरात चहाचं पातेलं चुलीवर चढलं ते तिच्या लग्नानंतर. म्हणजे बघा, आपल्याला चहा पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो, पण कितीतरी घरांत तो आज्जीच्या काळात आला.

चहाचं झाड मात्र जुनं आहे. चीनमध्ये लोक शेकडो वर्षांपासून चहा पितात. आपला 'चहा' हा शब्दही मुळात चिनीच, तो देशोदेशी फिरत आपल्याकडं आला. आसामच्या जंगलातही चहाची झाडं होती आणि तिथले सिंगफो लोक ती पानं वापरायचे. 1823 साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला त्या झाडांची माहिती मिळाली. आसामचा चहा 1839 मध्ये लंडनच्या बाजारात लिलावाला गेला. मनीराम दिवाण हे आसामी गृहस्थ स्वतःचे चहामळे लावणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होते. 1857 च्या उठावात भाग घेतला म्हणून इंग्रजांनी त्यांना 1858 मध्ये फाशी दिली. मळ्यांवर राबायला दूरदूरच्या गरीब बाया-माणसांना नेलं, आणि पानं खुडायचं काम जास्त करून बायांच्याच हाती आलं. पण हा चहा पिकत होता आपल्याकडं आणि जात होता विलायतेला.

इथं महाराष्ट्रात चहा आला तो भांडण घेऊनच. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तो घडवून आणला गोपाळराव जोशी यांनी. गोपाळराव म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती. कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठमोठी माणसं होती. शेवटी ख्रिस्ती लोकांनी चहा-बिस्किटं पुढं ठेवली. कुणी प्यायली, कुणी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. पुढं गोपाळरावांनीच कोण कोण आले होते त्यांची नावं 'पुणेवैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात गहजब झाला. परधर्मीयांच्या हातचा चहा घेतला म्हणून वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, चौकशी बसली, बहिष्काराची आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाबद्दल लिहिलंय. मला त्यातून एक गोष्ट दिसते. चहा घेतला पुरुषांनी, पण असा बहिष्कार पडला की लग्नकार्य, श्राद्धपक्ष, येणंजाणं अडतं ते घरातल्या बाईचं.

बघा, प्रश्न चहाच्या पानाचा नव्हताच. पेला कुणाच्या हातचा, याचा होता.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची, शंभर वर्षांपूर्वीची. गंगाराम कांबळे नावाचे दलित गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते. वरच्या जातीच्या लोकांसाठी ठेवलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. शाहू महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतःची गाडी हॉटेलासमोर थांबवायला लागले. गंगारामांच्या हातचा चहा सगळ्यांच्या देखत प्यायचे आणि सोबतच्या बड्या लोकांनाही प्यायला लावायचे. राजानं प्यायल्यावर बाकीचे नाही कसे म्हणणार?

आपल्याकडच्या गावांतही हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असायची. काही माणसांनी ती स्वतः घ्यायची, स्वतः धुवायची आणि परत जागेवर ठेवायची. आज्जीनं हे डोळ्यांनी बघितलेलं. "तवा काही वाटायचं नाही गं, आता आठवलं की लाज वाटती," असं ती म्हणायची.

आता येते विकणाऱ्यांची गोष्ट. मळेवाल्यांच्या मागणीवरून 1903 मध्ये इंग्रज सरकारनं कायदा केला. परदेशात जाणाऱ्या चहावर कर बसवायचा आणि तो पैसा चहाचा खप वाढवायला वापरायचा. 1929 नंतर जगभर मंदी आली, चहाचे भाव पडले, माल पडून राहायला लागला. तेव्हा मळेवाल्यांची नजर आपल्या घरांकडं वळली. प्रचारक जत्रांमध्ये, गिरण्यांमध्ये, बाजारात जायचे, फुकट चहा पाजायचे. एका पैशाला मिळेल अशी छोटी पुडी काढली. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा याच्या पाट्या देशी भाषांतून लावल्या. पडद्यातल्या बायकांना शिकवायला बाया नेमून घरात पाठवल्या. आज मोबाइलवर जाहिरात येते ना, तशीच ही घरोघर चालत आलेली जाहिरात.

ते शिकवायचे काय? पाणी उकळा, उतरवा, पत्ती घाला, झाकून ठेवा, गाळा, मग वाटलं तर दूध घाला. पण आपल्या लोकांनी ते ऐकलं नाही. आपण पाणी, दूध, पत्ती, साखर, आलं-वेलची सगळं एकत्र उकळलं. महाग पत्ती कमी लागावी, पेले जास्त व्हावेत आणि पोटाला आधार वाटावा, असा तो हिशेब. 1930 च्या सुमारास आसामात पानं चिरडून त्यांचे बारीक दाणे करणारं यंत्र निघालं. स्वातंत्र्यानंतर असा दाणेदार चहा देशभर पसरला. थोड्या पत्तीत गडद रंग आणि कडक चव. आज टपरीवर आणि आपल्या डब्यात असतो तो हाच.

म्हणजे चहा आपल्याला दुसऱ्यांनी विकला, पण तो करायचा कसा, ते आपण ठरवलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पण या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. घरात चहा आला तेव्हा पहिला पेला सासऱ्याला, मग दिराला, नवऱ्याला, पाव्हण्याला. आज्जी सांगायची, गाळणीतला चोथा पुन्हा पाण्यात उकळून आम्ही जावा-जावा प्यायचो. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सकाळी गुळाचा कोरा चहा पिऊन निघायची. "चहानं भूक मरायची," असं ती म्हणायची. भूक मरायची म्हणजे पोट भरायचं नाही, कळायचं फक्त बंद व्हायचं. आजही कितीतरी जणी पहाटे दोन पेले चहा घेऊन रानात जातात आणि पहिला घास बारा वाजता खातात. आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या 54 जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष चहाचा नाही. पण चहातल्या तुरट अंशामुळं भाकरी-भाजीतलं लोह अंगी नीट लागत नाही, हे खरं आहे. मेथीची भाजी खायची आणि वरून लगेच चहा प्यायचा, म्हणजे एका हातानं पोत्यात धान्य भरायचं आणि दुसऱ्या हातानं पोत्याला भोक पाडायचं.

आता आक्कांच्या डब्याकडं येऊ. हिरवा चहा म्हणजे वेगळं झाड नव्हे. झाड तेच, पान तेच. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसं चहाचं पान चुरगळून हवेत ठेवलं की काळं होतं. तो आपला नेहमीचा चहा. पान तोडल्यावर लवकर वाफ दिली किंवा कढईत गरम केलं की त्याचं काळं पडणं थांबतं आणि रंग हिरवा राहतो. तो हिरवा चहा. आपल्या देशात हिमाचलच्या कांगड्यात तो दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ होतोय.

आणि त्यात पुदिना कुणी घातला? त्यासाठी आफ्रिकेच्या वरच्या टोकाला मोरोक्को देशात जावं लागेल. तिथंही चहा पिकत नव्हता. 1853 ते 1856 या काळात युरोपात क्रिमियाचं युद्ध झालं. इंग्रज व्यापाऱ्यांचे नेहमीचे बाजार बंद पडले आणि चीनमधून आणलेला हिरवा चहा पडून राहिला. तो त्यांनी मोरोक्कोच्या बंदरांवर नेऊन विकला. तिथल्या लोकांच्या घरी पुदिन्याचा काढा आधीपासून होता. त्यांनी काढ्यात हा नवा चहा मिसळला, साखर घातली आणि आपलंसं केलं. आज तिकडं पाव्हण्याला पुदिन्याचा हिरवा चहा देणं हीच रीत आहे. म्हणजे तिथंही माल खपवायला व्यापारी आला, आणि चव लोकांनी स्वतःच्या परसातून दिली. आपण आलं घातलं, त्यांनी पुदिना घातला.

हे सगळं मनात घेऊन मी त्या गटाच्या पुढच्या बैठकीला गेले. आमची बैठक पाळीपाळीनं एकेकीच्या घरी असते. त्या वेळी ज्या ताईची पाळी होती, तिच्याबद्दल एक गोष्ट मला बरेच दिवस सलत होती. तिच्या घरी बैठक असली की चहाच्या वेळी कुणाला उपास आठवायचा, कुणाचं पित्त खवळायचं, कुणाची म्हैस धार द्यायची राहिलेली असायची. कर्जाचे पैसे तिच्या हातून चालायचे, पेला चालायचा नाही. ती काही बोलायची नाही. मीही दोन वर्षं बोलले नव्हते, ही माझीच चूक.

तिच्या अंगणात रांजणाखाली पुदिना माजलेला. रांजणाचं पाझरणारं पाणी आणि लिंबाची सावली, दोन्ही त्याला मिळत होतं. मी आक्कांना म्हणाले, "तो डबा आणलाय का?" आक्कांनी पिशवीतून काढला. मग आम्ही ताईच्या चुलीवर चहा केला. कसा केला, ते नीट ऐका.

चार पेले पाणी उकळून खाली उतरवलं. उकळतं पाणी लगेच पत्तीवर ओतायचं नाही, नाहीतर ती कडू होते. दोन-तीन मिनिटं थांबलो, वाफ जरा मंदावली. मग दोन लहान चमचे हिरवी पत्ती आणि धुतलेली पुदिन्याची पंधरा-वीस पानं हातानं जराशी चुरगळून टाकली. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं थांबलो आणि गाळलं. पुन्हा चुलीवर ठेवायचं नाही. दूध नाही. गुळाचा बारका खडा ज्यांना हवा त्यांनी घेतला, वरून लिंबाचे दोन थेंब. हीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते, पण त्याच बैठकीत वापरा, रात्रभर ओली ठेवू नका.

ताईनं पेले भरले. क्षणभर कुणाचाच हात पुढं आला नाही. मी उचलणारच होते, तेवढ्यात त्याच मावशी, ज्यांनी मागं कडूजहर म्हटलं होतं, त्यांनी पेला उचलला. फुंकर मारून प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता चव आली बघ. पुदिना गुणाचा हाय तुझा. मला एक काडी दे, लावते मी." मग एकेक हात पुढं आला. सगळ्यांनी घेतला असं मी सांगणार नाही. दोघींचे पेले शेवटपर्यंत तसेच राहिले. पण मावशींनी तिच्या घरची काडी आपल्या दारात लावली, आणि ती फुटलीय.

आता चार गोष्टी व्यवहाराच्या. हिरवा चहा महाग असतो आणि तो काही जादू नाही. वजन उतरतं, सगळे रोग जातात, असं सांगून विकणारे पुष्कळ आहेत. त्या जुन्या प्रचारकांचेच ते नातवंडं समजा. रक्त कमी असेल तर हिरवा चहासुद्धा जेवणासोबत नको. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, मग तो कुठलाही असो. लोहाची गोळी चहासोबत कधीच घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत घ्या. पोटुशी असाल किंवा नेहमीची औषधं चालू असतील, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. आणि उपाशीपोटी काहीच चहा नको, आधी अर्धी भाकरी खा.

डबा आणणं परवडत नसेल तर हट्ट धरू नका. नुसता पुदिना, गवती चहा, तुळस, आल्याचा तुकडा गरम पाण्यात झाकून ठेवला तरी चांगलं पेय होतं. त्यात चहाची पत्तीच नसते, आणि खर्च जवळपास नाहीच. पुदिन्याची काडी कुणाकडूनही मागून आणा, खालची पानं काढून ओल्या मातीत खोचा. उन्हाळ्यात त्याला सावली लागते. आपण पाणी रेल्वेनं आलेलं बघितलेली माणसं आहोत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती. म्हणून पुदिन्याला वेगळं पाणी नको. रांजणाखाली नाहीतर भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर लावा, साबणाच्या पाण्यावर नको. आणि बिनदुधाच्या चहानं जे दूध वाचेल, ते सगळंच डेअरीला घालू नका. अर्धा पेला लेकराला आणि अर्धा स्वतःला. स्वतःला म्हटलेलं विसरू नका.

मैत्रिणींनो, चहा आपल्या आज्या-पणज्यांच्या देखत या घरांत आला. तो कुणी आधी प्यायचा, कुणाचा पेला वेगळा ठेवायचा, चोथा कुणाच्या वाट्याला, हे सगळं माणसांनीच ठरवलेलं. जे माणसांनी ठरवलं ते आपल्याला बदलता येतं. एकदा पत्तीवर उकळतं पाणी ओतायचं थांबवलं, की कडू चहाचीही चव बदलते.

तेव्हा एवढंच करा. पुढची बैठक ठरवताना असं घर निवडा, जिथं आजवर आपण चहा टाळला. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, पुदिन्याची एक काडी घेऊन जा, आणि येताना तिच्याकडची एक घेऊन या. पहिला पेला जी बाई चुलीपुढं बसलीय तिला द्या. ती म्हणेल, "तुम्ही घ्या आधी." ऐकू नका तिचं.

नमस्कार.